उजवं मडगार्ड

आर्वीला, बंद पडलेल्या जिनिंगच्या मागं,
शकूरमिस्त्रीच्या टिनाच्या शेडमध्ये
महिन्याच्या शेवटच्या रविवारी जमतात ती माणसं.
येतात मोटरसायकलवर, एसटीनं, नातवाच्या मागं बसून;
गाड्या असतात प्लास्टिकच्या पिशवीत,
तुरीच्या बिलात गुंडाळलेल्या,
एखादी विम्याच्या जुन्या डायरीत.

बिनचाकाच्या एका बॉनेटवर चादर अंथरून
फोटो टाकले जातात पत्त्यांसारखे.
कुणी हुकूम दाबून ठेवतो शेवटपर्यंत.

गुणवंत भोयरांची बेडफर्ड, नाकाड मोठं,
वर सरकीची पोती इतकी की आभाळाला जागा नाही.
देविदास मोहोडांच्या मामाची मॉरिस,
जिच्यातून वरुडची संत्री आली, बाळंतपणाला डॉक्टर आले,
आणि एकदा मागच्या सीटवर बोकड, टाय बांधलेला.
टाय का, हे तीन रविवार झाले, अजून ठरायचं आहे.

इस्राईल ड्रायव्हरकडे फोटो नाहीच.
ते मनगट पुढं करतात.
थंडीची पहाट, तळेगावचा नाका, हँडल उलटं फिरलं,
हाड वाकडंच जुळलं.
"हा माहा फोटू," म्हणतात. "डाजची सही हाय."

मी नेला तो आईचा.
घरात तिचा तेवढाच आहे, कडेनं वाळवी खाल्लेला.
बाजाराच्या दिवशी कुणी काढला, माहीत नाही.
ओचा खोचलेला, डोळे उन्हानं बारीक,
आणि तिच्या खांद्यामागून अर्धवट घुसलेलं एका लॉरीचं
उजवं मडगार्ड, एक दिवा,
नंबराचे शेवटचे दोन आकडे.

सगळे वाकले.
"फार्गो."
"छट्! फार्गोची जाळी अशी असते काय?"
"जाळी दिसतेच कुठी? दिवा पाय ना बावा, दिव्याची कड पाय."
चष्मे बदलले. भिंग निघालं.
पाऊण तास ते आईच्या खांद्याशी बोलत राहिले,
आईशी कुणी बोललं नाही.
मला राग यायला हवा होता.
पण तिच्या इतक्या जवळ, इतका वेळ
कुणी वाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मग शकूरमिस्त्री हात पुसत आले.
मडगार्डाच्या पोच्यावर काळं बोट टेकवलं.
"हा पोचा माह्या बापानं ठोकला. पुरा नाही बसला.
शेषराव क्लीनरची गाडी हे."
मग बोट सरकलं, नखभर डावीकडं.
"अन् हे पार्बताबाई.
शेषरावचा पाय चाकाखाली आला त्या साली,
तं त्याच्या जागी हेच.
ब्रेक नावालेच होते. घाटात गाडी मागं सरकली का
हे उडी मारे, ठोकळा चाकामागं टाके,
गाडी उचलली का ठोकळा घेऊन मागं पळे.
पोटुशी होती, तरी बी."

पोटुशी.
मी हिशेब केला नाही. तो आपोआप झाला.

घरी मागच्या दाराला एक ठोकळा आहे,
बाभळीचा, तिरपा कापलेला,
एका अंगाला आडव्यातिडव्या रेघांची नक्षी.
लहानपणी कागद ठेवून, वर कोळसा घासून
मी ती वहीत उतरवायची, फुलं म्हणून.
एकदा बंब पेटवताना तो हातात घेतला
तर आई केवढ्यानं ओरडली, "थो नाही!"
बस, तेवढंच. पुढं कधी काही सांगितलं नाही.

"आणा न पुढच्या टायमाले," भोयर म्हणाले,
"फोटू काढू त्याचा."
मी हो म्हटलं.
पाठीमागं पुन्हा सुरू झालं,
फार्गो की नाही.

तो रविवार येऊन गेला.
वारा होता,
दार उघडं ठेवायचं होतं.